चेहऱ्यावरून कळतं का?

माझी वहिनी पाचवीला गणित शिकवते आणि मी त्याच शाळेत कारकून आहे. घरी ती मला दरडावते, शाळेत मी तिच्यामागे हजेरीपटासाठी तगादा लावतो, फिट्टंफाट. चोवीस वर्षं शिकवतेय, तरी रोज सकाळी चेहरा असा, की जणू आजच नोकरीला लागली आहे. मी त्यावरून तिची भरपूर चेष्टा केली आहे.

यंदा वरून फर्मान आलं, की शिक्षकांचं कौशल्य मोजणार. आधी प्रत्येकाने स्वतःबद्दलची प्रश्नावली भरायची, मग निरीक्षक बाई वर्गात बसून पाहणार. ज्यांचे गुण कमी, त्यांचा वर्ग काढून घेणार आणि वर्षभर त्यांना सामानाच्या खोलीत खडू, नकाशे मोजायला बसवणार. सगळ्यांचं धाबं दणाणलं.

प्रश्नावल्या गोळा करायचं काम माझं. त्या वाचायच्या नसतात, मी वाचल्या. 'मुलांना समजलं की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं' या वाक्यापुढे एकजात सगळ्यांनी 'नेहमी'वर खूण केली होती. वहिनीने केली होती 'कधीच नाही'वर. मी कपाळावर हात मारून घेतला. घरी आल्या आल्या तिला म्हणालो, पाकीट अजून चिकटवलेलं नाही, खूण बदल. तिने भाजी चिरता चिरता नुसती नकारार्थी मान हलवली. आता तिला खोटं बोलता येत नाही, अशातला भाग नाही. माझ्या सिगारेटींबद्दल आईला ती बेधडक थापा मारते. पण शाळेचं काही आलं, की बाईसाहेब अडून बसतात.

तपासणीच्या दिवशी बाकीच्यांनी आठवडाभर घोटून घेतलेले पाठ घेतले. शेजारच्या वर्गात तर प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. मी काहीतरी निमित्त काढून वहिनीच्या वर्गापाशी गेलो. फळ्यावर 'अपूर्णांकांची वजाबाकी' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि ही मात्र टेबलावर चिठ्ठ्या वेगळ्या करत बसलेली. तास सुरू होताच तिने मुलांना कालच्या बेरजेतलं एक गणित दिलं होतं, अर्धा अधिक एक तृतीयांश. चौतीसपैकी एकोणीस जणांनी उत्तर लिहिलं होतं दोन पंचमांश. वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच.

वहिनी उठली आणि मागच्या बाकावर निरीक्षक बाई बसलेल्या असताना तिने फळ्यावरची वजाबाकी पुसून टाकली. मुलांना म्हणाली, दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षाही कमी. अर्ध्यात भर घातली तर कमी कसं होईल? उरलेला सगळा वेळ मुलं कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या घालत होती. पाठाचा पत्ता नाही.

शाळा सुटल्यावर निरीक्षक बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. मी शेजारच्या टेबलावर फायली उगाच खालीवर करत होतो. त्यांनी प्रश्नावली पुढे सरकवली.

"इथे 'कधीच नाही' लिहिलंय. चोवीस वर्षांत चेहरे वाचता येत नाहीत तुम्हाला?"

"नाही येत," वहिनी म्हणाली. "काही न कळलेली मुलंही छान माना डोलवतात. म्हणून तर विचारावं लागतं."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "बाकीच्या वर्गांत मला मोजायला काही मिळालंच नाही. मुलांना सगळं आधीच येत होतं. शिकवताना मी आज फक्त तुम्हाला पाहिलं. वर्ग तुमच्याकडेच राहील."

माझा जीव भांड्यात पडला. वहिनीने बाईंचे आभार मानले, दप्तर उचललं, नीट चालत बाहेर गेली आणि शाळेच्या पायरीवर मटकन बसली. मी घाबरून पाणी आणलं, तर ती हसत होती, डोळे पुसत पुसत हसत होती.

"चोवीस वर्षं वाटत होतं, एक दिवस कुणीतरी मागच्या बाकावर येऊन बसेल आणि सांगेल, या बाईला शिकवता येत नाही," ती म्हणाली. "बरं झालं, येऊन बसलं एकदाचं."