मलमाचा डबा

भडकूला रागवायला एरवी कारण लागत नसे, पण या वेळी होतं. त्याच्या दोन वर्षांच्या छकुलीचा एक्झिमा पुन्हा चिघळला होता. कोपराच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे पिवळ्या खपल्या धरल्या होत्या, खालून पाणी झिरपत होतं आणि पोर अंग ओरबाडून रडत होती. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच बजावलं होतं, यावर ताप आला तर तिला दाखल करावं लागेल.

भडकू म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. हे नाव गिऱ्हाइकांनी पाठीमागे ठेवलेलं. पण हात असा हलका की बोलणी खाऊनही माणसं त्याच्याकडेच येत. त्यात स्वच्छतेचं वेड. माणसागणिक नवं पातं, धुतलेला टॉवेल, कंगवे औषधाच्या पाण्यात. एकजण म्हणाला, "राहू दे की तेच पातं, नुसत्या मिशा तर कोरायच्या," तर त्याला तोंडावरच्या फेसासकट खुर्चीतून उठवलं.

घरी मलमं लावायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. चिघळलेल्या जागी जंतू मारणारं, लाल जागी स्टेरॉइडचं, तेही पातळ, आणि साऱ्या अंगाला डब्यातलं घट्ट पांढरं. सगळं नेमाने. पोर बरी व्हायची, जरा उसंत मिळायची, की पुन्हा चिघळायचं.

आधी तो औषधांच्या दुकानदारावर घसरला. "माल खोटा आहे तुझा!" मग स्टेरॉइडने कातडी जळते म्हणून सांगत आलेल्या शेजारणीला त्याने दारातूनच पिटाळलं. उरल्या सासूबाई. पोर दिवसभर त्यांच्याच कडेवर असे.

"हात बघा तुमचे! भांडी घासता, केर काढता आणि तशाच तिला उचलता. तुमच्याच हातांनी सडतंय तिचं अंग!"

"मी धुते हो हात, जावईबापू," एवढंच त्या म्हणाल्या. बायको मध्ये पडली, तर तिच्याही अंगावर खेकसला. संध्याकाळी सासूबाई थोरल्या मुलीकडे निघून गेल्या. भडकूला वाटलं, सुटलो, आता पोर बरी होणार.

कसली बरी होते! ती तापाने फणफणली. दवाखान्यात तिच्या इवल्या हाताला सुई टोचलेली बघून याचं डोकंच फिरलं. "तुमच्या मलमात दम नाही!" तो डॉक्टरीणबाईंवर ओरडला.

बाईही काही शांत नव्हत्या. "लावून दाखवा," त्या म्हणाल्या.

त्याने घरून आणलेला डबा उघडला, दोन बोटं भरून मलम काढलं, झिरपणाऱ्या गुडघ्याभोवती फिरवलं आणि तीच बोटं पुन्हा डब्यात घातली.

"थांबा! दुकानात एकाच्या गालावरचं पातं दुसऱ्याच्या गालावर फिरवता?"

"हात तोडीन असं करणाऱ्याचे!" भडकू म्हणाला, आणि आपल्या बोटांकडे बघत राहिला.

जखमेतली घाण तो रोज डब्यात नेत होता आणि डब्यातून पुन्हा तिच्या अंगावर. गिऱ्हाईक परकं, म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून काम. आपल्या पोरीची कसली आलीय घाण, असं धरून चालला होता शहाणा!

"हा डबा फेका. नव्यातलं स्वच्छ चमच्याने काढायचं, उरलेलं परत आत टाकायचं नाही. आणि आधी हात धुवायचे," बाई म्हणाल्या.

भडकूचा राग कुठे गेला नव्हता, उलट एवढा कधी आला नव्हता. फक्त ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस त्याच्याच चपलांत उभा होता.

छकुली बरी होऊन घरी आली, तेव्हा तो सासूबाईंना आणायला गेला. वाटभर मनात शब्द जुळवले होते, दारात त्यातला एकही सापडेना. "माझ्याच हातांनी झालं ते. तुमचा काही दोष नव्हता," एवढंच कसंबसं बोलला. सासूबाईंनी पिशवी भरली.

त्या घरात शिरताच छकुली दोन्ही हात पसरून धावत आली. सासूबाई चटकन मागे सरल्या, आपले हात पाठीमागे लपवले आणि जावयाला विचारलं,

"घेऊ का तिला?"