साडीवाल्याची येझदी

गुलमंडीत साड्यांच्या दुकानात उभं आयुष्य गेलेल्या रामकिसन गाडेकरचा एक ठोकताळा होता. गिऱ्हाईक साडीला पहिल्यांदा हात लावतं ते सवयीनं. दुसऱ्यांदा लावतं ते भाव ऐकल्यावर. आणि तिसऱ्यांदा लावतं तेव्हा साडी त्याची झालेली असते, फक्त ते त्याला अजून ठाऊक नसतं. अशा वेळी विकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. रंगाचं कौतुक नाही, टिकाऊपणाची हमी नाही. गप्प बसायचं. नवखे सेल्समन नेमके तिथंच बोलतात आणि हातातलं गिऱ्हाईक घालवतात.

हा ठोकताळा त्यानं गादीवर बसून असंख्य बायकांवर पडताळला होता. स्वतःवर पडताळायची वेळ कधी आली नव्हती, कारण स्वतःसाठी त्यानं कधी काही निवडलंच नव्हतं. अंगातले शर्ट दुकानातल्या कटपीसचे. जाधववाडीतलं घर मेव्हण्यानं शोधून दिलेलं. मोटारसायकलसुद्धा शेठच्या ओळखीच्या माणसानं पुढं केली ती, काळी, शंभर सीसीची.

ती मात्र गुणाची निघाली. बटण दाबलं की सुरू, आणि पेट्रोल नुसतं हुंगायची. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या बायकोला, सरूबाईला, पैठण रस्त्यानं ढोरकीनला, तिच्या आईकडं, न्यायची आणि दिवेलागणीला परत आणायची. सासूबाई थकल्या होत्या. आठवड्यातला हा एक दिवस सरूबाईनं कधी चुकू दिला नव्हता. मागं बसून ती सगळ्या आठवड्याचं बोलून घ्यायची आणि रामकिसन हेल्मेटच्या आतून हुंकार द्यायचा. त्यांच्या संसारातल्या बहुतेक गोष्टी पैठण रस्त्यावरच ठरलेल्या होत्या.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी तो गयासभाईच्या घरी गेला.

गयासभाईचं औरंगपुऱ्यात फॉल-पिकोचं दुकान होतं. गुलमंडीतून विकलेल्या साड्या फॉल लावायला त्याच्याकडं जायच्या. त्याच्या आधी हेच काम त्याचे अब्बा करायचे आणि साड्यांचे गठ्ठे न्यायला ते येझदीवरून यायचे. रामकिसन तेव्हा दुकानात नवा होता. ती मरून टाकीची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की तिच्या दोन्ही सायलेन्सरचा आवाज आधी दुकानात शिरायचा आणि अब्बा मागाहून. गठ्ठे बांधून होईपर्यंत गाडीपाशी उभं राहायचं काम रामकिसनकडं असे. तेवढ्या वेळात गाडी आपलीच आहे असं लोकांना वाटावं, म्हणून तो हँडलवर हात ठेवून उभा राहायचा.

अब्बा गेल्यापासून ती येझदी गयासभाईच्या अंगणात भिंतीला टेकून होती. सीटवर कोंबड्या बसत. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, टाकीचा रंग पोपडे धरलेला. त्या संध्याकाळी गयासभाई चहा देता देता सांगत होता की, मुलाला, जिब्रानला, शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी लागली आहे, पण जायला गाडी नाही. रामकिसन ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं टाकीवरची धूळ पुसली. मग जरा वेळानं सीटवरचं पीस उचलून टाकलं. चहा संपला तेव्हा त्याचा हात पुन्हा हँडलवर होता. तो हात पाहून त्याला घाम फुटला. असा हात त्यानं आजवर फक्त दुसऱ्यांचाच पाहिला होता.

"माझी गाडी जिब्रानला द्या," तो म्हणाला. "मला ही द्या."

गयासभाई पाहतच राहिला. "रामकिसनभाऊ, तुमची चालती गाडी हाय. हिच्या इंजनाला गंज चढलाय. भाभीला इचारा आधी."

"विचारतो," रामकिसन म्हणाला, आणि घरी जाऊन त्यानं काहीएक विचारलं नाही.

येझदी टेंपोतून उतरली तेव्हा शेजारचे नानासाहेब फाटकात उभे होते. भंगारवाला माल घेऊन जातो हे त्यांना माहीत होतं, घरपोच आणूनही देतो हे आजच कळलं, असं ते म्हणाले. सरूबाई पायरीवर आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली. भाजीवाल्याच्या पाटीतलं एखादं वांगंसुद्धा ती याहून जास्त वेळ पारखत असे.

"आपली कुठंय?"

"हिच्या बदल्यात दिली."

"चालतं घोडं देऊन नालाचं ओझं आणलं व्हय?"

रामकिसननं येझदीचं वर्णन सुरू केलं. हिची किकच वळवली की तिचा गिअर होतो, हे सांगितलं. सीट कशी लांबरुंद आहे, मागच्या माणसाला कसा आराम आहे, हेही सांगितलं. आजवर शेकडो बायकांना साड्या विकलेल्या माणसाचं घरच्या बायकोपुढं काही चालेना.

"मी भांडत नाय," सरूबाई म्हणाली. "हिनं ज्या दिवशी मला माहेरी नेलं, त्या दिवशी हिला गाडी म्हणीन. तवर मी आपली एसटीनं जाईन."

आणि ती खरंच गेली. सुट्टीच्या दिवशी रामकिसन तिला सिटी बसनं बसस्थानकावर सोडायला जाई. पैठणची गाडी आली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत आणि सरूबाई पिशवी छातीशी धरून गर्दीत शिरे. पुष्कळदा ढोरकीनपर्यंत उभ्यानं. ती तक्रार करत नसे, तेच त्याला जड जाई. संध्याकाळी परतल्यावर गुडघ्यांना तेल चोळत ती बसे, आणि आठवड्याचं जे बोलणं गाडीवर व्हायचं, ते आता होतच नसे. एकदा एवढंच म्हणाली, "आई इचारत होती, जावई रुसले का म्हणून."

त्या दिवसापासून रामकिसननं कंबर कसली. जिन्सीतल्या फकिरा मिस्त्रीला त्यानं घरी आणलं. फकिरा इंजिन उघडून एकेक भाग काढी आणि जमिनीवर टाकी. रामकिसनला ते बघवेना. त्यानं दुकानातून साड्यांची रिकामी खोकी आणली, पांढरं मलमल अंथरलं आणि प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, मलमलीत घडी घालून खोक्यात ठेवला. एका खोक्यात क्लचचे, एकात कार्बोरेटरचे. चहाच्या वेळी फकिरानं ती मांडामांड पाहिली आणि विचारलं, "भाऊ, हे इंजन हाय का लग्नाचा बस्ता?"

पिस्टन नवा घालावा लागला. केबल एकीकडून, काचेचा दिवा जुन्या बाजारातून, असं जमत गेलं. शुक्रवारी नमाजानंतर गयासभाई यायचा, स्टुलावर बसायचा, अब्बांच्या गोष्टी सांगायचा आणि कामाला हात लावायचा नाही. त्यानं एक गोष्ट मात्र दोन-तीनदा बजावली. ही गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत नाही, पेट्रोलात तेल घालावं लागतं. पूर्वी पंपावरच मिसळून मिळायचं, आता आपलं आपण घालायचं. अब्बा तेलाची बाटली आणि पत्र्याचं छोटं माप गाडीच्या बाजूच्या डब्यात ठेवायचे. ते माप त्यानं रामकिसनला आणून दिलं. रामकिसननं तेलाची नवी बाटली आणली आणि दोन्ही वस्तू त्याच डब्यात ठेवल्या.

सरूबाई या सगळ्यात पडत नव्हती. चहा मात्र वेळेवर येत होता. आणि एकदा चहा ठेवता ठेवता तिनं पाहिलं की, एरवी दुकानातून आल्यावर भिंतीला टेकून डोळे मिटणारा आपला नवरा फकिराबरोबर खो खो हसतोय आणि त्याच्या नाकाला ग्रीस लागलंय. 

आणि एके दिवशी, किक मारून मारून रामकिसनच्या पोटरीला गोळा आल्यावर, येझदीनं एक फुसकारा टाकला, मग दुसरा, आणि गल्लीत तो जुना दुहेरी आवाज घुमला. निळ्या धुरात नानासाहेब दिसेनासे झाले. धुरातूनच त्यांचा आवाज आला की, डास तरी गेले.

फकिरानं आठ-दहा दिवस गाडी गावात फिरवून घ्यायला लावली. हर्सूल तलावापर्यंत जाऊन आली, गुलमंडीत जाऊन आली, कुठं अडली नाही. मग सुट्टीच्या आदल्या दिवशी रामकिसन म्हणाला, "उद्या ढोरकीन."

सरूबाईनं क्षणभर विचार केला आणि मोरपंखी इरकल बाहेर काढली. नवी होती, घडी मोडलेली नव्हती. पिशवीतून एसटीचे सुटे पैसे मात्र तिनं काढले नाहीत.

सकाळी निघताना रामकिसननं गाडी पुसली. बाजूचा डबा उघडून पाहिला, तर तेलाच्या बाटलीचं बूच पाझरत होतं. डबा मागच्या सीटच्या खालीच, आणि सरूबाईच्या निऱ्या नेमक्या तिथं येणार. इरकलीवर तेलाचा डाग म्हणजे जन्माचा डाग. साडीवाल्याला ते सांगायला नको. त्यानं बाटली आणि माप काढून खिडकीत ठेवलं, डबा आतून स्वच्छ पुसला, वर एक कोरं फडकं लावलं. आता निऱ्यांना भीती नव्हती.

सरूबाई बसली. सीट खरंच रुंद होती. क्रांती चौक मागं पडेपर्यंत ती गप्प होती. पुढं नक्षत्रवाडीच्या पंपावर रामकिसन थांबला, टाकी भरली, झाकण लावलं आणि निघाला. काळ्या गाडीवर असताना कित्येक वर्षं तो जसा निघायचा अगदी तसाच. पुढं रस्ता मोकळा लागला तेव्हा मागून आवाज आला, "आईचा गुडघा लई सुजलाय म्हणं, ऐकताय ना?" आणि आठवड्यांचं तुंबलेलं सगळं बोलणं सुरू झालं. रामकिसन हेल्मेटच्या आतून हुंकार देत होता आणि त्याला वाटत होतं, जगात आपल्याला आणखी काही नको.

चितेगाव मागं टाकल्यावर येझदीचा आवाज बदलला. आधी चिरका झाला. मग मागचं चाक एकदम धरल्यासारखं झालं, गाडी फरफटली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. किक दगडासारखी घट्ट.

सरूबाई उतरली. रामकिसननं तिच्याकडं पाहायचं टाळलं. त्यानं गयासभाईला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला, पेट्रोल कुठं भरलं आणि तेल किती घातलं? रामकिसन खाली बसला.

"इंजन थंड होऊ द्या, हात नका लावू," गयासभाई म्हणाला. "मी तेल घेऊन आलोच."

कडुलिंबाच्या सावलीत दोघं थांबली. पैठणची एसटी समोरून गेली आणि सरूबाईनं तिला हात केला नाही, हे रामकिसनच्या लक्षात आलं. पण ती आता परतीच्या एसटीची वाट पाहतेय का, हे त्याला कळेना. जरा वेळानं सीटवर लिंबाची पानं पडली, ती तिनं झटकली. मग उन्हात सीट तापू नये म्हणून पिशवीतला टॉवेल तिच्यावर पसरला.

गयासभाई आला तो त्याच काळ्या गाडीवर. उतरून त्यानं इंजिनाला बोट लावून पाहिलं, अजून थांबायला सांगितलं, बाजूचा डबा उघडला आणि विचारलं, "पण भाऊ, तेलाची बाटली डब्यात असती ना? ती कुठं गेली?"

"घरी. खिडकीत." रामकिसन खाली बघत म्हणाला. "पाझरत होती. हिच्या नव्या साडीला डाग पडला असता."

 सरूबाईनं आपल्या निऱ्यांकडं पाहिलं, मग त्या उघड्या डब्यातल्या कोऱ्या फडक्याकडं.

गयासभाईला वाटलं, आता आपणच काही केलं पाहिजे. जिब्रानला कंपनीची बस घराजवळून मिळू लागली होती, काळी गाडी पुष्कळदा घरीच असायची, हे त्यानं सांगून टाकलं. मग खिशातून चावी काढून त्यानं सरूबाईपुढं धरली.

"भाभी, ही तुमचीच हाय. घेऊन जा ढोरकीनला. येझदी मी टेंपोत घालतो. भाऊंना वाईट वाटंल, पण तुमचे हाल नकोत."

सरूबाईनं चावी घेतली.  येझदीच्या बाजूनं सांगण्यासारखं खूप काही रामकिसनच्या जिभेवर आलं. पिस्टनला काही झालेलं नसेल, तेल घातलं की सुटेल, पुन्हा असं होणार नाही. तेवढ्यात सरूबाई येझदीजवळ गेली आणि इंजिन निवलं का पाहायला म्हणून तिनं टाकीवर तळवा ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला.

रामकिसननं जीभ दाताखाली धरली आणि गप्प बसला. उभ्या आयुष्यात गप्प बसणं त्याला इतकं कठीण कधी गेलं नव्हतं.

"गयासभाई," सरूबाई म्हणाली, "तुमच्या औरंगपुऱ्यात कापलेलं कापड परत घेतात व्हय?"

"नाय, भाभी."

"मग गुलमंडीतबी नाय घेत." तिनं चावी त्याच्या हातात परत ठेवली. "तुम्ही आणलेली ती तेलाची बाटली इकडं द्या. इथून पुढं ती माझ्याकडं राहील. ह्यांना साडी दिसली की बाकी काय दिसत नाय."

गयासभाईनं टाकीत तेल घातलं, गाडी हलवून हलवून मिसळलं आणि बाटली सरूबाईच्या हाती दिली. रामकिसननं पायानं किक दाबली. आधी हलली नाही, मग किंचित सरकली, मग सुटली. कितव्या तरी दणक्याला येझदी बोलली. धूर गयासभाईच्या अंगावरून गेला आणि तो म्हणाला, अब्बांचा वास आला.

ढोरकीनला पोचेपर्यंत सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या; आवाज त्यांनी वेशीपासूनच ऐकला होता. सरूबाई उतरली, पदर सावरला, पिशवीतली बाटली सरळ केली. मोरपंखी इरकलीवर, डाव्या बाजूला, रुपयाएवढा तेलाचा डाग पडला होता. रामकिसनला तो पाहताक्षणी दिसला. तो काही बोलला नाही.