शनिवारचं बुकिंग

नव्या विद्यार्थ्यांची तुकडी फाटकातून आत आली की प्रमोदिनीबाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि तुकडी जाईपर्यंत, म्हणजे चांगले सहा आठवडे, त्या तिथंच मुक्कामाला असायच्या. मुलं वाईट नसायची हो. उलट फारच चांगली असायची, आणि तोच तर खरा वैताग होता. हातात चमकीच्या डब्या, पाठीवर स्पीकर, डोळ्यांत आधीच पाणी, आणि मनात एकच निश्चय, की मळवलीच्या या घरातल्या एका तरी पोराला हसवून दाखवायचं!

हे घर म्हणजे कुणा शेटजींनी देऊन टाकलेला बंगला. ज्यांच्या आजारावर आता औषध उरलेलं नाही अशी मुलं इथं राहायला येत. दुखणं कमी करायला डॉक्टर होते, नर्स होत्या. उरलेला दिवस मजेत जावा म्हणून प्रमोदिनीबाई. तळेगावात चौदा वर्षं बालवाडी चालवून त्या इथं आल्या, त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली. आणि खेळोपचार शिकणारी पुण्याच्या कॉलेजातली मुलं दर सहा आठवड्यांनी त्यांच्या गळ्यात पडत.

पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना समोर उभं करून एकच नियम सांगत. "मुलांना 'उद्या' म्हणायचं नाही. पुन्हा येते, पुढच्या वेळी आणतो, असलं काही नाही. आज आलात, आज खेळा." पूर्वी एका विद्यार्थिनीनं एका पोराला गिटार घेऊन येते म्हणून सांगितलं होतं, आणि मग तिची परीक्षा लागली. पोरगं चार दिवस खिडकीच्या गजाला हनुवटी टेकून बसलं. पाचव्या दिवशी त्याला बसता येईना. त्या चार दिवसांबद्दल बाईंनी तिला अजून माफ केलेलं नव्हतं.

या खेपेला विहंग आला. उंच, लाजरा, कुणी काही विचारलं की आधी चष्मा पुसणार. त्याच्याकडे राजेश्वरी सोपवली. राजी नऊ वर्षांची. पायांतलं बळ केव्हाच गेलं होतं, आता छातीतलंही चाललं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी, पण जीभ तेवढी ठणठणीत. तिचे आजोबा अंबाजी गावातल्याच एका बंगल्याची राखण करत, आणि तो बंगला शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना भाड्यानं जाई. राजी रांगत होती तेव्हापासून तेच बघत आलेली. त्यामुळे तिला एकच खेळ ठाऊक होता आणि एकच हवा होता. ती बंगल्याची राखणदारीण, समोर असेल तो पाहुणा.

"चपला भाईर काडा," ती पलंगावरून फर्मावायची. "म्युजिक धा वाजता बंद. चेक-इन दोन वाजता, अदूगर याचं न्हाई. गादीवर बसून चिकन खायचं न्हाई. मागल्या टायमाला एकानं खाल्लं, चादर आमी धुतली, त्यानं न्हाई."

मग उशाखालची वही काढून ती पाहुण्याचं नाव लिहायची. ते झालं बुकिंग.

विहंग एकदा खेळला, हसला, आणि पुढच्या वेळी माती घेऊन आला. त्याच्या पुढच्या वेळी कागदी पक्षी, मग कठपुतळ्या. चौथ्या वेळी राजीनं त्याच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. बाईंनी त्याला पोर्चमध्ये गाठलं.

"अरे, तिला बंगला-बंगला खेळायचंय ना? मग हे काय बाहुल्यांचं खूळ काढलंयस?"

"मॅडम, लॉगबुकमध्ये बारा सत्रांना बारा वेगळे उपक्रम लागतात. नाहीतर मार्क जातात."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हा नियम त्या दहा वर्षं ऐकत होत्या आणि दहा वर्षं तो तसाच जिवंत होता. ज्या पोरीला कालचाच खेळ आज पुढं न्यायचाय तिच्यापुढं रोज नवं दुकान मांडायचं, आणि ते कशासाठी, तर पुण्यात बसलेल्या कुणाला तरी तक्ता रंगीत दिसावा म्हणून! त्यांनी तिथूनच कॉलेजला फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला असं काही झापलं, की स्वयंपाकघरातल्या सरूबाई पोळ्या लाटायच्या थांबून दारात येऊन उभ्या राहिल्या. नियम काही बदलला नाही. पण पुढच्या सत्राला विहंग हात हलवत आला, पलंगाशी उभा राहिला आणि म्हणाला, "खोली आहे का?"

उरलेली आठही सत्रं तेच चाललं. लॉगबुकात त्यानं आठ वेळा 'बंगला' लिहिलं. एकदा तो चपला घालून आत आला म्हणून राजीनं त्याला दंड म्हणून अर्धा तास व्हरांड्यात उभं केलं. बाईंना पहिल्यांदाच एखाद्या विद्यार्थ्याबद्दल बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात त्यानं माती खाल्ली.

शेवटचा दिवस होता. राजीनं वही उघडली आणि विचारलं, "सायेब, फुडल्या शनवारचं लिवू का?"

आणि हा शहाणा म्हणाला, "लिहा."

दारात उभ्या बाईंनी ते ऐकलं. तो बाहेर येईपर्यंत त्यांनी दम धरला. "काय सांगितलं होतं मी पहिल्या दिवशी?"

"मी येणार आहे, मॅडम."

"सगळे असंच म्हणतात. तू येणार नाहीस. तुला दुसरं प्लेसमेंट लागेल, कुणाचा तरी वाढदिवस निघेल, आणि इथं ती दाराकडे बघत बसेल. निस्तरायचं कुणी? मी!" तो चष्मा पुसत उभा राहिला. बाई तरातरा आत निघून गेल्या.

तो आठवडा वाईट गेला. राजीचा श्वास दुपारनंतर फुलायचा, बोलणं निम्म्यावर आलं. पण रोज सकाळी ती आजोबांना विचारायची, "आबा, आज कोन्ता वार?" अंबाजी वार सांगायचे आणि मग बाईंना बाजूला घेऊन म्हणायचे, "बाई, त्यो पोरगा येनार का वो? ती लय जीव लावून बसलीया." बाईंकडे विहंगचा नंबर होता. त्यांनी फोन केला नाही. कशाला करायचा? नाही येत, हे त्याच्या तोंडून ऐकायला?

शुक्रवारी संध्याकाळी बाई राजीच्या पलंगाशी बसल्या. उद्या तिनं दिवसभर दाराकडे बघत बसण्यापेक्षा आजच काय ते सांगून टाकावं, आणि तेही तिच्याच खेळातून सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं. युक्ती चांगलीच साधलीय असं त्यांना वाटत होतं.

"राजी, निरोप आलाय. घाटात दरड पडली. उद्याचे साहेब येत नाहीत. बुकिंग कॅन्सल."

राजीनं वही काढली. विहंगच्या नावावर सावकाश एक रेघ मारली. मग वही उशाखाली न ठेवता पलीकडे बसलेल्या आजोबांकडे दिली आणि डोळे मिटून घेतले. रात्री जेवली नाही. सकाळी वार विचारला नाही.

शनिवारी दोन वाजता फाटक वाजलं. बाई व्हरांड्यात आल्या तर समोर विहंग, पाठीवर पाहुण्यासारखी भली मोठी पिशवी.

"केव्हा आलास?"

"सकाळच्या लोकलनं. स्टेशनवर बसलो होतो. चेक-इन दोनला असतं ना."

बाईंना आधी त्याचा राग आला, आणि लगेच कळलं की या वेळी त्यात त्याचा काडीचाही दोष नाही. दहा वर्षं त्या न येणाऱ्यांवर चिडत आल्या होत्या. आज जो आला होता त्याचं नाव त्यांनी स्वतः खोडायला लावलं होतं. त्यांना स्वतःचीच मनस्वी लाज वाटली. काय करून बसलो ते त्यांनी त्याला तिथंच सांगून टाकलं. तो चष्मा पुसत राहिला.

"चल," म्हणत त्यांनी त्याची पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

राजी डोळे मिटून पडली होती. बाई पलंगाशी उभ्या राहिल्या. दहा वर्षांत त्यांनी शेकडो खेळ शिकवले होते, पण पाहुणी व्हायची ही पहिलीच वेळ.

"ताई," त्या म्हणाल्या, "खोली मिळेल का?"

राजीनं डोळे उघडले. बाईंकडे बघितलं, मग त्यांच्या मागं उभ्या विहंगकडे.

"तुमचं बुकिंग क्यान्सल झालंय," ती म्हणाली. "दरड पडलीया."

"दरड पडली नव्हती. मी खोटं बोलले. चूक माझी आहे, साहेबांची नाही."

राजीनं श्वास घेतला. हात पुढं केला, तशी उशाशी बसलेल्या अंबाजींनी घाईघाईनं वही तिच्या हातात ठेवली.

"किती जन?"

"दोघं."

"किती दिस ऱ्हानार?"

या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे.

"तुम्ही ठेवाल तितके दिवस," त्या म्हणाल्या.

राजीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं, एकेक अक्षर, श्वास घेत घेत. मग मान वर करून बाईंच्या पायांकडे बघितलं.

"चपला भाईर काडा," ती म्हणाली.