हत्तीला लावायचं कुंकू

माझ्या ऑपरेशनच्या वेळी आई नवस बोलली होती. पोट्टी बरी झाली की हत्तीला कुंकू लावीन, माझ्या हाताने केळी खाऊ घालीन. रायपूरच्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात पूर्वी माहूत हत्ती घेऊन यायचा आणि बायका हत्तीच्या पायांवर पाणी घालायच्या. आता गल्लीत कुठला आलाय हत्ती! मी बरी झाले, नवस तसाच राहिला. दर सहा महिन्यांनी माझी तपासणी आली की आई त्यावरून माझा जीव खायची.

शेवटी वैतागून मी तिला थायलंडला नेलं. हत्ती म्हटल्यावर ती विमानातही बसली. आम्ही जाणार होतो त्या हत्तींच्या अभयारण्यात हत्तीला हात लावू देत नाहीत, हे मात्र मी लपवलं. तिथे गेल्यावर विनवू, कोणीतरी ऐकेल, असं वाटलं. रायपुरात सगळं असंच तर चालतं.

"हात नाही लावू देत त काहून आणलं मले इतक्या दूर?" आईने मला चारचौघांत झापलं.

मी तिथल्या गाईड मुलीला नवस समजावून सांगितला. तिने हसून नकारार्थी मान हलवली आणि लांब उभी असलेली एक म्हातारी हत्तीण दाखवली. ती कित्येक वर्षं शहराच्या रात्रबाजारात फिरायची. लोक केळी विकत घेऊन तिला भरवायचे. पायावर साखळीचा वण अजून होता. हे सगळं मी आईला सांगितलं.

आई कठडा धरून बघत राहिली. "आपल्या हत्तीच्याबी पायात साखळी होती," ती म्हणाली. "मी त त्या साखळीलेबी कुंकू लावलं होतं."

संध्याकाळी आम्ही त्याच बाजारात गेलो. सुकवलेल्या माशांच्या वासाने आई एरवी नाकाला पदर लावून पळाली असती, पण त्या दिवशी त्यातून सरळ चालत होती. परतल्यावर माझी तपासणी होती. नवसबिवस मी मानत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवते. खरं म्हणजे तो फिटावा असं मलाच फार वाटत होतं.

"आता नवसाचं काय?" मी विचारलं.

"तिच्यावर काहून लादायचं आपलं? लय सोसलं तिनं," आई म्हणाली. "तुले काही झालं त मी आहो नं."

ती अजिबात घाबरलेली नव्हती. घाबरले होते मी, आणि भर बाजारात तिचा हात धरून रडले.