वरच्या मजल्यावरचे काका आणि हँबर्गचा रस्ता

परदेशी जाऊन आलेली माणसं आता रायपुरात गल्लोगल्ली सापडतात, पण परदेशी जावं कसं याचा मुळापासून विचार सबंध छत्तीसगडात एकाच माणसाने केला असेल, आणि तो माणूस आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर. हे काका तरुणपणी वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीवर इथे आले, स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीमागे तीसेक वर्षं बसले, आणि निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली तरी चौकशी काही सुटली नाही. पूर्वी लोक त्यांना विचारायचे, आता ते लोकांना विचारू लागले. कुणी थायलंड पाहून आला, कुणी दुबईला भावाकडे राहून आला, की काका त्याला जिन्यातच गाठत. तिथे काय पाहिलं, काय खाल्लं यात त्यांना काडीचा रस नसे. ‘गेला कसा?’ एवढंच विचारत. ‘विमानानं’ म्हटलं की त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरचं वाईट ऐकावं तसा होई. ‘म्हणजे तू गेलाच नाही बावा,’ ते हळहळून म्हणत. ‘तुले पोचवलं त्याईनं. पार्सल पोचवते तसं.’

या विषयावर त्यांची एक लांबलचक वही होती. दुपारचं जेवण झालं की ती वही, मुलीच्या शाळेतला जुना नकाशासंग्रह आणि एक भिंग घेऊन ते गॅलरीत बसत. वहीत प्रत्येक वाहनाला गुण दिलेले होते आणि गुणांचे विषय काकांनी स्वतः नेमले होते. खिडकी उघडते का, मध्ये उतरून चहा पिता येतो का, शेजारचा माणूस बोलतो का, आणि देश बदलल्याचं अंगाला कळतं का. किती वेळ लागतो, याला रकानाच नव्हता. अर्थात जहाज पहिलं आलं होतं, आगगाडी थोडक्यात दुसरी. मोटारीला खिडकीचे आणि चहाचे पैकीच्या पैकी, पण चालवणारा रस्ता पाहतो, देश पाहत नाही, म्हणून एक गुण कापलेला. बसमध्ये व्हिडिओ लावतात म्हणून शेजाऱ्याच्या बोलण्याचे सगळे गुण गेले. विमानाला खिडकीत शून्य आणि चहात अर्धा. तो अर्धा तरी काहून, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘आणून देतात बिचारे. पण उतरता कुठं येते?’

माझं ऑफिस नव्या रायपुरात. तिथून मला एकदा पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बँकॉकला पाठवायचं ठरलं. काकांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढत असतानाच ते खाली आले. हातात कागद. हावड्यापर्यंत गाडी, पुढे दिमापूरपर्यंत गाडी, इंफाळपर्यंत बस, मोरेच्या नाक्यावरून पायी ब्रह्मदेशात, आणि तिथून मिळेल त्या वाहनाने थायलंड. एकुणात अठरा दिवस.

‘काका, ट्रेनिंग पाच दिवसांचं आहे.’

‘मंग काय झालं? ट्रेनिंगचं पुस्तक गाडीत वाच.’

‘पण मोरेचा नाका तर बंद आहे म्हणतात.’

‘आज बंद आहे. तू पोचेपर्यंत उघडते,’ ते शांतपणे म्हणाले. नाका नाहीच उघडला तर तिथे राहायची सोय कुठे होईल, हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं.

समोरच्या घरातली एक मुलगी शिकायला पोलंडला निघाली, तेव्हा तिला तर त्यांनी तीन संध्याकाळी समोर बसवून घेतलं. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदी. तिसऱ्या संध्याकाळी ती अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘अंकल, मेरी तो फ्लाइट बुक हो गई है।’ काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मायेने विचारलं, ‘कॅन्सल नाही होत काय, बेटा?’

यावरून काका नुसते नकाशातले प्रवासी होते असं कुणी समजू नये. ते काकूंना घेऊन नेपाळला जाऊन आले होते. आपल्याकडून नौतनव्यापर्यंत थेट गाडी, पुढे सोनौलीपर्यंत जीप, आणि शेवटची शंभर पावलं पायी. सरहद्दीच्या कमानीखाली काका एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभे राहिले आणि काकूंना म्हणाले, ‘पाहून घे, मी आता दोन देशांत आहे.’ मागे सामानाचे ठेले अडून राहिले, शिपाई शिट्टी फुंकून राहिला, आणि काका डोळे मिटून, देश बदलल्याचं अंगाला कळतं का ते पाहत होते. पुढची गोष्ट काकू सांगत. ‘पिशवी मी धरली, यांचा हात मी धरला, अन् ओढत नेपाळात नेलं. पशुपतिनाथापुढं यायनं काय मागितलं असन? दुसरी सरहद्द!’

काका-काकूंना एकच मुलगी. ती शिकून हँबर्गला नोकरीला लागली, तिकडेच लग्न केलं, आणि एके वर्षी बाळंतपणाला आईवडील हवेत म्हणून तिने दोघांना बोलावलं. व्हिसासाठी काका उत्साहाने दिल्लीपर्यंत जाऊन आले, कारण व्हिसा जहाजालाही लागतो. विमानाचं तिकीट मात्र त्यांनी काढू दिलं नाही. ‘हँबर्ग बंदर आहे,’ ते म्हणाले. ‘बंदराच्या गावी विमानानं जायचं म्हणजे दार सोडून खिडकीतून घरात शिरायचं.’ मालवाहू जहाजांवर एखाददुसरा प्रवासी घेतात असं त्यांनी शोधून काढलं. हल्ली लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालतात हे कळल्यावर तर ते हरखलेच. ‘आफ्रिका फुकटात!’ मी त्यांच्या वतीने एका कंपनीला ईमेल लिहिली. उत्तर सभ्य होतं. त्यांच्या वयाचा प्रवासी घेता येत नव्हता.

काकूंनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा समजून घेतलं आणि बॅग भरायला घेतली. ‘तुम्ही बसा नकाशा धरून,’ त्या म्हणाल्या. ‘माही पोट्टी तिकडं एकटी आहे. मी चालली.’ आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या काकू, गुडघ्याला पट्टा बांधून आणि पर्समध्ये ‘मला हँबर्गला जायचे आहे’ असं तीन भाषांत लिहिलेली चिठ्ठी ठेवून एकट्या गेल्या. काका त्यांना सोडायला माना विमानतळावर आले नाहीत. फाटकापाशीच ‘सांभाळून जाजो’ म्हणाले आणि वर निघून गेले.

त्यानंतर गॅलरीतली खुर्ची रिकामी दिसू लागली. दोन्ही वेळचं जेवण ते आमच्याकडे घेत, आणि माझी बायको वाढेल ते मुकाट्याने खात. एका रविवारी मी विचारूनच टाकलं, ‘काका, खरं सांगा, विमानाची भीती वाटते काय?’

ते भात कालवत म्हणाले, ‘भीती नाही रे. पोट्टी पहिल्यांदा गेली ना, तेव्हा मी गेलतो सोडायले. मले वाटलं, स्टेशनसारखं असन. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभं राहू, दोन गोष्टी बोलू, गाडी हालली की चार पावलं संग चालू. तिथं त्या शिपायानं तिचा कागद पाह्यला अन् ती काचेच्या आत गेली. मी काही बोललोच नव्हतो अजून. सगळं मागून बोलू म्हणून ठेवलं होतं.’ मग ताटाकडे पाहत म्हणाले, ‘ज्या गाडीले निरोप देता येत नाही, त्या गाडीत काय बसा?’

बायकोने त्यांना न विचारताच आणखी कढी वाढली.

त्यानंतर आठवडा झाला असेल नसेल, एका दुपारी काकूंचा फोन आला. मुलीला तीन आठवडे आधीच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मुलगी झाली होती, पण बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि बाळंतिणीचा ताप उतरत नव्हता. जावई दवाखाना आणि घर यांमध्ये धावत होता. काकूंना तिथल्या कुणाचं बोलणं कळत नव्हतं. एवढं सांगून त्या रडल्या. काकूंना रडताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

काका पायात चप्पल न घालताच खाली आले. माझ्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘सगळ्यात लवकर काय पोचते?’

मी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहत राहिलो.

‘मी तुले विचारून राहिलो. सगळ्यात लवकर काय पोचते?’

‘विमान, काका.’

‘मंग काढ ना तिकीट. पाहून काय राहिला?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना माना विमानतळावर घेऊन गेलो. वाटेत कोणता रस्ता, किती अंतर, त्यांनी काहीच विचारलं नाही. मांडीवर एक लहान पिशवी होती, तीत माझ्या बायकोने रात्री शिवलेली दोन झबली आणि डिंकाचे लाडू. दाराशी मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा वेळ तसाच ठेवला, आणि मागे न पाहता आत गेले.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. समोरून काका येताना दिसले, शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, हातात पिशवी. काकूंनी विचारलं, ‘कधी निघाले तुम्ही?’ आणि बत्तीस वर्षं लोकांना गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या या माणसाला ते काही केल्या आठवेना. ‘पोट्टी कुठं आहे?’ एवढंच ते म्हणाले. चौथ्या दिवशी मुलीचा ताप उतरला. महिन्याभराने नात घरी आली.

आता दोघं वर्षातले सहा महिने तिकडेच असतात. जाताना किल्ली आमच्याकडे देतात. मी अधूनमधून वर जाऊन खिडक्या उघडतो, तुळशीला पाणी घालतो आणि उगाच जरा वेळ गॅलरीत बसतो. नात आता बोलायला लागली आहे. दिवसभर आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर असल्याने तिचं मराठी थेट वर्ध्याचं झालं आहे. परवा रविवारी काकांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्या हातात दिला. निम्म्या पडद्यावर तिचं कपाळच दिसत होतं. माझा मुलगा शेजारून डोकावून म्हणाला, ‘पापा, कौन है?’ मी त्याला सांगणार, तेवढ्यात ती पोरगी माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, ‘मामा, तू काहून नाही येत?’

मी म्हटलं, ‘येतो ना बाई, येतो.’

‘कधी?’ तिने विचारलं.