एक की पाच? चौफुला–शिरूर जीपमधला वाद

सात वर्षं रोज एकाच जीपमधून एकाच रस्त्यानं गेलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कुणीतरी बोलतं, कुणीतरी चिडतं, पारगावचा पूल येईपर्यंत किस्सा तयार. आमची जीप दत्तूची. सकाळी चौफुल्याहून शिरूर, संध्याकाळी परत. मी भांडगावची, शिरूरला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. आता सगळं मोडलं. दत्तू शाळेची व्हॅन चालवतो, मी स्कूटीवर जाते आणि वाटेत बोलायला कुणी नसतं. फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

वादाचं मूळ म्हणजे कासुर्डीचे जगताप सर. शिरूरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. एक दिवस त्यांनी जीपमध्ये प्रश्न टाकला. "गाडी सुसाट येतेय. एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. लिव्हर तुमच्या हातात. ओढलात तर एक मरेल, पाच वाचतील. काय कराल?"

सरांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं. "पाच वाचवायचे. साधं गणित आहे."

पण आमच्यातलं कुणी सरळ उत्तर देईल तर शपथ. सरांना रिटायर व्हायला चार वर्षं होती. ते म्हणाले, "कॉलेजातली पोरं गाइड पाठ करून उत्तर देतात. जिवंत माणसाकडून एक सरळ उत्तर घेतल्याशिवाय मी रिटायर होणार नाही." आणि त्यांनी ते खरंच मनावर घेतलं.

*

पहिला नंबर रामभाऊ आबांचा. आबा दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारे, होते. निवृत्तीनंतर जावयाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला शिरूरला यायचे. सर खुशीत, कारण खरा लिव्हरवाला माणूस सापडला होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पाच माणसं ब्लॉक घेऊन कामाला आल्याती का बिनब्लॉकची?"

"आबा, ते महत्त्वाचं नाही."

"आसं कसं? ब्लॉक आसंल तर शिग्नल लालच आसणार. मंग गाडी आली कुठनं?"

"ब्रेक फेल झालेत असं समजा."

"आन् गाडी पॉइंटावर आल्यावर मी लिव्हर हलीवला तर गाडीच खाली उतरती. पाचबी जात्याल, एकबी जाईल, डब्यातली निराळी. आन् मी सस्पेंड."

सर खिडकीबाहेर बघत बसले. आबा मात्र न्हावऱ्यापर्यंत तळमळत होते. मधेच म्हणाले, "सर, त्या स्टेशन मास्तरचं नाव काय म्हणला?"

*

मग सरांनी प्रश्न बदलला. आता लिव्हर नाही, पूल आहे. पुलावर एक जाडजूड माणूस उभा आहे. त्याला खाली ढकललं तर गाडी अडेल आणि पाच वाचतील.

सरांची वेळ चुकली. जीप नेमकी भीमेच्या पुलावर होती आणि पुढच्या सीटवर कापडवाले पोपटशेठ बसले होते. शेठना बघून दत्तू एकाच तिकिटाचे पैसे घ्यायचा, पण जागा दोघांची धरायचा.  बारा माणसांनी एकदम शेठकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून पूल आला की शेठ दाराची दांडी दोन्ही हातांनी धरायचे.

*

पुढच्या किस्स्याला जीपचा एक नियम सांगायला हवा. चौकात पोलीस उभा असला की परवान्यापेक्षा एक जास्त भरलेल्या जीपमधून एकानं अलीकडे उतरायचं, चालत पोलिसाच्या पुढं जायचं आणि पलीकडे परत बसायचं. एकाच्या चालण्यानं बाराजणं सुटायची. पण उतरायचं कुणी, यावर रोज भांडण.

सरांनी निकाल दिला. "शेवटी चढला तो उतरेल. यात कुणावर अन्याय नाही."

तर्क चोख होता. पण शेवटचं कुणालाच व्हायचं नव्हतं, म्हणून प्रत्येकजण दहा मिनिटं आधी यायला लागला. साडेसातला भरणारी जीप सातला भरू लागली, मग पावणेसातला. पंधरवड्यात अशी वेळ आली की आम्ही शिरूरला पोचायचो तेव्हा झाडूवाल्या मावशी रस्ता झाडत असायच्या, आणि तर्कशास्त्राचे प्राध्यापक कॉलेजच्या बंद गेटसमोर डबा मांडीवर घेऊन बसलेले दिसायचे.

नियम कुणी मोडला नाही. तो आपोआप विसरला गेला.

*

मी एकदा सरांचा प्रश्न आमच्या वकीलसाहेबांना घातला. त्यांनी फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "आपण कुणाकडून आहोत ते आधी सांगा. पाचांकडून, एकाकडून, का रेल्वेकडून?"

हे सरांना सांगितल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

मग बिबट्या आला. न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर तो उसात दिसला आणि वनखात्यानं पिंजरा लावायचं ठरवलं. पिंजऱ्यात बकरी ठेवायची होती. सरांकडे जणू प्रश्नच चालत आला. अख्ख्या वस्तीच्या पोरांसाठी एक बकरी द्यावी की नाही?

तीन दिवस जीप पेटली होती. आबा बकरीच्या बाजूनं. "मुकं जनावर. त्याला इचारलं का कुणी?" पोपटशेठही बकरीच्या बाजूनं, त्यांची कारणं आम्हाला माहीत होती. तिसऱ्या दिवशी सरांनी हात वर करायला लावले. अकरा विरुद्ध दोन, बकरी हरली. सर इतके खूश की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. सरळ उत्तर मिळालं होतं.

चौथ्या दिवशी वनखात्याचा एक मजूर जीपमध्ये चढला. सरांनी जड आवाजात विचारलं, "गेली का बकरी?"

"कुठं जाती?" तो म्हणाला. "पिंजऱ्याला दोन खण असत्यात सर. बिबट्या एकात, बकरी दुसऱ्यात, मधी जाळी. ही एकच बकरी तीन बिबट्यांना पुरलीया."

आबांनी चहाबद्दल सरांचे आभार मानले.

*

गायकवाड भाऊ पंचायत समितीत होते. कमी बोलायचे. तीन वर्षं त्यांनी या वादात तोंड घातलं नव्हतं. एका सकाळी सर पुन्हा "साधं गणित आहे" म्हणाले, तेव्हा भाऊ हळूच म्हणाले, "सर, गणित करणारा कायम लिव्हरपाशीच कसा उभा असतो? रुळावर का नसतो?"

सर वळून बघायला लागले, तसे भाऊ पुढं म्हणाले,

"माझा आजा असता तर त्यानं सांगितलं असतं. गावात जवा जवा एकाचा नंबर लागायचा, तवा तो एक कुठल्या वस्तीतला हे आधीच ठरल्यालं असायचं."

त्या दिवशी शिरूरला उतरताना सरांनी भाऊंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला ते दोघं तसेच आठवतात.

*

सरांच्या रिटायरमेंटच्या आधीचा जानेवारी. संध्याकाळची परतीची जीप, आम्ही तेराजणं. न्हावरा सोडून थोडं पुढं आलो आणि उसाच्या कडेनं एक ऊसतोड कामगार हात हलवत रस्त्यात आडवा आला. त्याच्या बायकोला घोणस चावली होती. बाई बांधावर पडलेली, पाय सुजलेला, शेजारी एक बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

"मागं आडवं घालायला लागंल," दत्तू ओरडला. "मागची सहा उतरा. ह्यो गडी आन् ती बाई मधी बसत्याल, म्हंजी पुढची-मधली दोन उतरा. न्हावऱ्याला दवाखान्यात टाकतो."

हिशेब दत्तूनंच करून दिला होता. आठ उतरायचे, पाच बसायचे. अंधार पडत होता, दोन्हीकडे ऊस, आणि त्या उसात काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं.

बाईला आत घेतलं, दत्तूनं जीप वळवली आणि धुरळा उडवत गेला. धुरळा बसल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रस्त्यावर तेराच्या तेरा उभे होते. पोपटशेठसुद्धा.

आम्ही घोळक्यानं पारगावच्या दिशेनं चालू लागलो. तासाभरानं मागून दत्तूचा हॉर्न वाजला.

"वाचली," तो खिडकीतून म्हणाला. "इंजेक्शनं चालू झाल्याती. डॉक्टर म्हणले, येळंवर आणली." मग त्याचा आवाज चढला. "पर तुमाला काय येड लागलं व्हतं का? पाच शिटं रिकामी नेली की मी!"

आम्ही चढलो.  मग आबांनी मान वळवली.

"सर, तुम्ही तर मधी खिडकीला व्हता. तुमाला उतराय कुणी सांगितलं न्हवतं. तुम्ही का उतरला?"

सर चष्मा पुसत होते.

"विचार करायला वेळच मिळाला नाही, आबा."