होऊन गेलेली कावीळ

आमचे हे रक्त काढतात. म्हणजे पोटासाठी काढतात. घरी माझं आटवतात ते वेगळं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खिडकीपाशी ते गेली कित्येक वर्षं बसलेत. हात इतका हलका की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, ते माणसाला कळतही नाही. म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना डासराव म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि ह्यांना त्याचा अभिमान वाटतो. कोणी कशाचा अभिमान बाळगावा ह्यावर अजून तरी बंदी आलेली नाही.

रक्त काढून झालं की आतल्या खोलीत जायचं, नळ्या यंत्रात घालून गरगर फिरवायच्या, वर आलेलं पिवळसर पाणी अलगद काढून घ्यायचं आणि त्यात अँटिबॉडी शोधायच्या, हे त्यांचं खरं लाडकं काम. अँटिबॉडी म्हणजे काय, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगण्यात आलं. इतर नवरे त्या आठवड्यात दुसरं काहीतरी बोलत असावेत. "हे बघ," हे म्हणाले होते, "रोग शरीरात शिरला की रक्त त्याच्यासाठी पहारेकरी तयार करतं. रोग निघून जातो, पहारेकरी मात्र राहतात. म्हणजे कोणाला काय होऊन गेलंय, ते पुढे कितीतरी वर्षांनी कळू शकतं." मी मान डोलावली. नवीन होते ना.

तेव्हापासून आमच्याकडे आलेला पाहुणा हा पाहुणा नसतो, नमुना असतो. तो बिचारा चहा पिता पिता नातवाचं कौतुक सांगत असतो, आणि हे त्याच्या दंडाच्या शिरेकडे बघत असतात. मध्यंतरी तापाची एक साथ येऊन गेली. ती किती पसरली होती ते शोधायला हॉस्पिटलने घरोघर जाऊन रक्त गोळा केलं. "आम्हाला काही झालंच नव्हतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कितीतरी लोकांच्या रक्तात अँटिबॉडी निघाल्या. ह्यांना एवढा आनंद झाला की आठवडाभर जेवताना दुसरा विषय नाही. "लोक खोटं नाही गं बोलत, त्यांना माहीतच नसतं!" मी विचारलं, भात वाढू का अजून.

एवढा मोठा माणूस, पण स्वतःच्या दंडाला सुई टोचायची म्हटलं की पाचावर धारण बसते. रक्तातून पसरणारी एक कावीळ असते, 'बी' म्हणतात तिला. तिची लस हॉस्पिटलने सगळ्या कर्मचाऱ्यांना फुकट दिली. तीन डोस होते. तिन्ही वेळा ह्यांची एक आत्या अत्यवस्थ होती. ही आत्या मी लग्नात पाहिली नाही, नंतर पाहिली नाही, आणि तिसऱ्या डोसाच्या दिवशी तर ती वारलीच. सासूबाईंना तिचं दुःख झालं नाही, कारण त्यांना अशी कुठली नणंदच नव्हती.

खरं तर कावीळ म्हणजे काय ते ह्यांना चांगलं ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी झाली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. तीन आठवडे हे पलंगावर, आणि सगळं घर पलंगाभोवती. फळांचे रस काय, साखरेचं पाणी काय, भेटायला येणाऱ्यांची रीघ काय! ती कुठली कावीळ, हे मात्र कोणी तपासलं नाही. गावाच्या रक्तात रोग शोधणाऱ्या ह्यांनी स्वतःचं रक्त दिलंच नाही. डोळे पिवळे दिसताहेत ना, मग सुई कशाला, असा शास्त्रीय विचार त्यामागे होता. निदान सासूबाईंनी केलं. "हिने पाणी उकळलं नसणार." झालं. खापर फोडायला तपासणी लागत नाही. तेव्हापासून अठरा वर्षं मी पाणी उकळते आहे, आणि तो विषय मात्र अजून काही गार झालेला नाही.

तर, गेल्या महिन्यात एका सोमवारी हे घरी आले आणि हात धूत बसले. धूतच बसले. मग स्वतःचा टॉवेल वेगळा काढला, कप वेगळा ठेवला, आणि रात्री म्हणाले, "मी बाहेरच्या खोलीत झोपतो. इथे उकडतंय." मी दोन रजया पांघरून बसले होते.

सकाळी चहाचा कप पुढ्यात आपटून मी सरळच विचारलं, "अहो, कोण आहे ती?"

"सुई," हे म्हणाले.

मग एकेक बाहेर आलं. बी काविळीच्या एका रुग्णाचं रक्त काढून झाल्यावर हे त्या सुईला परत टोपण लावायला गेले होते. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, तशीच डब्यात टाकायची, हा ह्यांचाच पहिला धडा. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला देतात. तशी पाटीसुद्धा ह्यांनीच भिंतीवर चिकटवलीय. त्या पाटीखाली बसून, रुग्णाशी क्रिकेटवर वाद घालत, ह्यांनी टोपण लावलं. आणि सुई हातमोज्यातून थेट बोटात.

"कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर रक्त काढलं असतं माझं."

एरवी मी तिथेच कपाळाला हात लावून चार शब्द सुनावले असते. पण त्या दिवशी नाही. ह्यांचा डबा द्यायला जाते तेव्हा वॉर्डातली यकृत खराब झालेली माणसं मी पाहिलीत. काटकुळे हातपाय, पोट तेवढं टम्म फुगलेलं. आणि लस तर त्या आत्याबरोबर वारलेली. मला भीती वाटली. एवढी भीती ह्यांच्यासाठी मला आजवर कधीच वाटली नव्हती. गॅस बंद केला, पर्स उचलली आणि ह्यांना पुढे घालून हॉस्पिटल गाठलं.

लॅबच्या मुख्य डॉक्टरबाई ह्यांच्यापेक्षा वयाने लहान, पण आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डासराव, तुम्ही शहाणे आहात असा माझा समज होता. आता रक्त द्या. अँटिबॉडी पुरेशा असतील तर तुम्ही सुटलात. नसतील तर आजच्या आज तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, आणि लससुद्धा. ते घेऊनही कावीळ होणारच नाही अशी हमी मी देणार नाही. काल आला असतात तर आणखी बरं झालं असतं."

सिस्टरने दंडाला पट्टा बांधला. "सिस्टर, हळू हं," हे म्हणाले, आणि सुई टेकायच्या आधीच खुर्चीतून घरंगळले. मग रक्त ह्यांना आडवं पाडूनच काढलं. बाहेर खिडकीपाशी रांग वाढत होती. "आज डासराव नाहीत का?" एका आजोबांनी विचारलं. "आहेत, पण जरा आडवे झालेत," मी म्हटलं. हसले नाही. बाकावर बसून राहिले आणि आतल्या यंत्राची घरघर ऐकत राहिले. लोकांना "रिपोर्ट दुपारी" असं हे किती सहज सांगतात! ती दुपार केवढी लांब असते, ते त्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

अखेर डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. "अँटिबॉडी भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "घाबरायचं कारण नाही. लस कधी घेतली होतीत?"

हे जमिनीकडे बघत राहिले.

"वाटलंच. कारण ह्यात दुसऱ्या एका प्रकारच्याही अँटिबॉडी आहेत, आणि त्या लसीने तयार होत नाहीत. प्रत्यक्ष रोग झाला तरच होतात. तुम्हाला बी कावीळ होऊन गेलीय, आणि पूर्ण बरीही झालीय. कधी झाली होती?"

मी खुर्चीतच पुढे सरकले. "पाण्याने होते का हो ही?"

"छे! पाण्याचा काय संबंध? रक्तातून होते. तेव्हाही अशीच सुई लागली असेल ह्यांना."

आधी जीव भांड्यात पडला. हे वाचले. मग हळूहळू दुसरं काहीतरी वर येऊ लागलं. अठरा वर्षं! मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं, तर ह्यांनी कापसाचा बोळा दंडावर उगाचच आणखी दाबला. घरी जाऊन सासूबाईंना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "असेल बाई," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा तू पाणी उकळत नव्हतीस, ते काही खोटं नाही." माझी निर्दोष सुटका ही अशी झाली.

निघताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या, "तुमचंही रक्त बघून टाकू. नवऱ्याला झाली की बायकोला लागायची शक्यता असते." मी हात पुढे केला. रक्त ह्यांनीच काढलं. खरंच कळलं नाही हो! तेवढं एक मान्य करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच हे घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. हातात कागद.

"तुलाही आहेत," हे म्हणाले.

"काय?"

"अँटिबॉडी. त्याच, दोन्ही प्रकारच्या. काळजीचं काही नाही, कधीच बरी झालीयस. पण तुलाही कावीळ होऊन गेलीय."

"कधी?"

रक्तावरून कावीळ झाली होती एवढं कळतं, कधी ते कळत नाही म्हणे.

पण मला आठवलं. हे बरे होऊन कामावर जायला लागले, त्यानंतरचे दिवस. सकाळी उठलं की मळमळ. फोडणीचा वास आला की उलटी. सासूबाईंनी ते बरोबर हेरलं, आणि मला म्हणून नव्हे, पण होणाऱ्या नातवाला म्हणून आठवडाभर दूध मिळालं. मग तपासणीत तसलं काही नाही असं निघालं. त्यांचा चेहरा पडला आणि दूध बंद झालं. मळमळ चालूच होती, पण नातू नसलेल्या मळमळीत कोणाला रस असणार? पायांत त्राण नसायचं. ओट्याला टेकून उभी राहायची, आणि तशीच पेंगायची. "नवऱ्याच्या सेवेचा शीण आलाय," शेजारणी म्हणायच्या. हे म्हणाले होते, "हल्ली आमटीत मीठ कमी असतं." त्या दिवसांत माझे डोळे पिवळे झाले होते की नाही, देव जाणे. आरशात बघायला मला वेळ नव्हता, आणि माझ्याकडे बघायला दुसऱ्या कोणाला.

हे कागदावरून नजर उचलेनात. "माझ्या कसं लक्षात आलं नाही?" अगदी हळू विचारलं. मला की स्वतःला, कोण जाणे. मला रडू आलं. आणि राग आला, एवढा की हातातलं उलथनं खाली ठेवताना ते वाजलं.

मी गॅस बंद केला. भाजी अर्धीकच्ची होती, तशीच राहू दिली. आतल्या खोलीत गेले आणि भर दुपारी पलंगावर आडवी झाले.

सासूबाई दारात आल्या. "काय गं, अशी अवेळी? बरं नाही का?"

"आई, मला कावीळ झाली होती," मी म्हटलं आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "तेव्हा पडायचं राहून गेलं. तीन आठवडे लागतील."